मायक्रोकंट्रोलरमधील बाह्य व पेरिफेरल इंटरप्टची कार्यपद्धती : द्राक्षबागेतील स्वयंचलित पर्जन्यमापकाच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

मायक्रोकंट्रोलर एका वेळी एकच सूचना अमलात आणू शकतो. त्याच्याभोवती घडणाऱ्या घटना मात्र त्याच्या सोयीने घडत नाहीत. या दोहोंचा मेळ घालणारी यंत्रणा म्हणजे इंटरप्ट. प्रस्तुत लेखात ८०५१ या मायक्रोकंट्रोलरच्या आधारे बाह्य व पेरिफेरल इंटरप्टची कार्यपद्धती विशद केली आहे. उदाहरणादाखल नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांमध्ये उपयोगी पडणारा स्वयंचलित पर्जन्यमापक घेतला आहे. इंटरप्टचा अग्रक्रम ठरविताना घटनेच्या महत्त्वापेक्षा तिची थांबण्याची क्षमता विचारात घ्यावी, हा लेखातील मुख्य प्रतिपाद्य मुद्दा आहे.

बीजशब्द : मायक्रोकंट्रोलर, ८०५१, इंटरप्ट, अग्रक्रम, टायमर, पर्जन्यमापक, द्राक्षशेती.

१. प्रस्तावना

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी, चांदवड व बागलाण या तालुक्यांचे अर्थकारण मोठ्या प्रमाणावर द्राक्षावर अवलंबून आहे. ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या गोडी छाटणीनंतर पडणारा अवेळी पाऊस हा बागायतदाराचा सर्वांत मोठा शत्रू होय. फुलोऱ्यात पाऊस आला तर गळ व घडकूज होते. मणी पक्व होत असताना आला तर मणी तडकतात. आणि पाने ओली राहिली की डाऊनीचा प्रादुर्भाव वाढतो. २०१९ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांतील पावसाने जिल्ह्यातील द्राक्षबागांचे केलेले नुकसान सर्वांच्या स्मरणात आहे.

अशा परिस्थितीत 'पाऊस किती पडला' हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही. फवारणीचा निर्णय त्यावर अवलंबून असतो. शिवाय २०१६ पासून राबविल्या गेलेल्या पुनर्रचित हवामान आधारित पीक विमा योजनेत नुकसानभरपाई ही प्रत्यक्ष पीक पाहणीऐवजी हवामान केंद्राने नोंदविलेल्या पावसाच्या व तापमानाच्या आकड्यांवरून ठरविण्याचे तत्त्व आहे. महाराष्ट्र शासनाच्या महावेध प्रकल्पांतर्गत २०१७ पासून महसूल मंडळ स्तरावर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली, ती याच गरजेपोटी. म्हणजेच यंत्राने पावसाचा एक ठोका मोजला की सोडला, याला शेतकऱ्याच्या दृष्टीने रुपयांत किंमत असते.

हा ठोका सुटू नये यासाठी मायक्रोकंट्रोलरमध्ये जी व्यवस्था असते तिचे विवेचन अन्य विद्याशाखांतील प्राध्यापकांनाही समजेल अशा रीतीने करण्याचा येथे प्रयत्न केला आहे. विवेचनासाठी इंटेल कंपनीने १९८० मध्ये बाजारात आणलेला ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर निवडला आहे. त्याची रचना सुटसुटीत आहे, आणि विज्ञान व अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांतून तो अनेक वर्षे शिकविला गेला आहे. येथे वर्णिलेले यंत्र ही अध्यापनासाठी कल्पिलेली नमुना-रचना असून कोणत्याही विशिष्ट केंद्रातील उपकरणाचे ते वर्णन नव्हे.

२. पर्जन्यमापकाची रचना आणि मोजणीचा प्रश्न

स्वयंचलित केंद्रांत सामान्यतः टिपिंग बकेट पद्धतीचा पर्जन्यमापक वापरतात. नरसाळ्यातून आलेले पाणी दोन कप्प्यांच्या, सी-सॉप्रमाणे हलणाऱ्या पात्रात पडते. एक कप्पा ठरावीक प्रमाणात भरला की पात्र कलंडते, पाणी सांडते आणि दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो. पात्राला जोडलेले छोटे चुंबक प्रत्येक कलंडण्याच्या वेळी रीड स्विचसमोरून जाते व स्विच क्षणभर मिटतो. नरसाळ्याचा व्यास २० सें.मी. धरला आणि एक कलंडणे म्हणजे ०.२ मि.मी. पाऊस असे ठरविले, तर प्रत्येक वेळी सुमारे ६.३ मिलिलिटर पाणी सांडते. ताशी १२० मि.मी. इतक्या मुसळधार पावसात तासाला ६०० म्हणजे दर ६ सेकंदांनी एक ठोका मिळतो. स्विच मात्र प्रत्येक वेळी जेमतेम एक दशांश सेकंद, म्हणजे १०० मिलिसेकंद मिटलेला असतो, असे गृहीत धरू.

वरकरणी हे काम अत्यंत सोपे वाटते. सहा सेकंदांत एकदा मोजणे, यात अवघड ते काय? परंतु भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येनुसार ज्या दिवशी २.५ मि.मी. वा त्याहून अधिक पाऊस पडतो तो 'पावसाचा दिवस' गणला जातो. आपल्या यंत्राच्या भाषेत १३ ठोके म्हणजे २.६ मि.मी. आणि १२ ठोके म्हणजे २.४ मि.मी. एक ठोका सुटला तर पावसाचा दिवस कोरडा ठरतो. आणि एक ठोका दोनदा मोजला गेला तर कोरडा दिवस पावसाचा ठरू शकतो. जेथे जेथे मर्यादा-मूल्यावरून निर्णय होतो तेथे तेथे हाच प्रश्न उभा राहतो.

३. क्रमाने विचारणा करण्याची पद्धती व तिची मर्यादा

प्रोग्रॅम लिहिण्याची सर्वांत सरळ पद्धत म्हणजे पोलिंग. मायक्रोकंट्रोलर एका फेऱ्यात स्विचची अवस्था पाहतो, तापमान वाचतो, पडद्यावर आकडे दाखवितो, मोडेममार्फत संदेश पाठवितो आणि पुन्हा पहिल्या कामाकडे वळतो. दारावर कोणी आले आहे का, हे पाहण्यासाठी हातातील काम टाकून दर थोड्या वेळाने दार उघडून पाहावे, तसा हा प्रकार होय.

या पद्धतीत स्विचची अवस्था दर १०० मिलिसेकंदांच्या आत एकदा तरी पाहिली गेली पाहिजे. आता फेऱ्यातील अन्य कामांचा हिशेब करू. डी.एस. १८बी२० हा प्रचलित तापमान-संवेदक १२ बिट अचूकतेने एक वाचन देण्यास कमाल ७५० मिलिसेकंद घेतो. जी.एस.एम. मोडेममार्फत संदेश पाठवून त्याची पोच येण्यास काही सेकंद लागतात. प्रोग्रॅम या काळात उत्तराची वाट पाहत थांबला तर स्विच मिटून पुन्हा उघडलेला असतो आणि त्याची कोठेही नोंद राहत नाही. लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, ही त्रुटी यंत्र तपासताना सहसा दिसत नाही. प्रयोगशाळेत विद्यार्थी पात्र हाताने कलंडवितो तेव्हा मोडेम बहुधा स्वस्थ असतो. त्रुटी प्रकट होते ती पाऊस पडत असताना आणि संदेश जात असताना, म्हणजे नेमकी जेव्हा मोजणीची गरज असते तेव्हा.

४. इंटरप्ट : संकल्पना

इंटरप्ट पद्धतीत दार उघडून पाहावे लागत नाही. दाराला घंटा बसविलेली असते. घंटा वाजली की हातातील वाक्य पूर्ण करावे, पानावर खूण ठेवावी, दार उघडावे, आलेल्याचे काम करावे आणि खुणेपासून पुढे वाचन सुरू करावे, एवढाच या यंत्रणेचा सारांश आहे. 'हातातील वाक्य' म्हणजे चालू सूचना, 'खूण' म्हणजे पुढील सूचनेचा पत्ता, ती ठेवण्याची जागा म्हणजे स्टॅक, आणि 'आलेल्याचे काम' म्हणजे इंटरप्ट सर्व्हिस रूटीन. या शेवटच्या संज्ञेसाठी पुढे 'सेवा-प्रोग्रॅम' असा शब्द योजिला आहे.

ही कल्पना मायक्रोकंट्रोलरपेक्षा जुनी आहे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये सादर केलेला पीएच.डी. प्रबंध इलेक्ट्रॉलॉजिका एक्स-१ या संगणकाच्या इंटरप्ट-व्यवस्थेशी निगडित होता. इंटरप्ट कोणत्या क्षणी येईल हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे त्यातून उद्भवणारी चूक पुन्हा घडवून दाखविता येईलच असे नाही. ही अडचण तेव्हा जितकी खरी होती तितकीच आजही आहे, आणि म्हणूनच इंटरप्टचा प्रोग्रॅम प्रयोगाने सिद्ध करण्यापेक्षा विचाराने सिद्ध करावा लागतो.

५. ८०५१ मधील इंटरप्टचे उगम

मूळ ८०५१ मध्ये इंटरप्टचे पाच उगम आहेत. आय.एन.टी.० व आय.एन.टी.१ या दोन पिनांवर बाहेरून येणारे संकेत हे बाह्य इंटरप्ट होत. टायमर ०, टायमर १ आणि सिरियल पोर्ट हे चिपमध्येच असलेले घटक जे संकेत देतात ते पेरिफेरल इंटरप्ट होत. प्रत्येक उगमासाठी प्रोग्रॅम मेमरीतील एक पत्ता कायमचा ठरलेला आहे. त्यास व्हेक्टर म्हणतात. सोळा-मानी पद्धतीत ते पत्ते असे : आय.एन.टी.० साठी ०००३, टायमर ० साठी ०००बी, आय.एन.टी.१ साठी ००१३, टायमर १ साठी ००१बी आणि सिरियल पोर्टसाठी ००२३. दोन पत्त्यांमध्ये केवळ ८ बाइटांची जागा असल्यामुळे तेथे सहसा लांब उडीची एक सूचना लिहून प्रत्यक्ष सेवा-प्रोग्रॅम अन्यत्र ठेवतात.

प्रत्येक उगमाशी तीन बिट निगडित असतात. पहिला फ्लॅग, घटना घडली की हार्डवेअर तो १ करते. दुसरा परवानगीचा बिट, तो आय.ई. रजिस्टरमध्ये असतो. तिसरा अग्रक्रमाचा बिट, तो आय.पी. रजिस्टरमध्ये असतो. याखेरीज आय.ई. मधील ई.ए. हा बिट सर्व इंटरप्टचा मुख्य स्विच होय.

आपल्या यंत्रात आय.एन.टी.० ला पर्जन्यमापक, आय.एन.टी.१ ला वाऱ्याचा वेग मोजणारा ॲनिमोमीटर, टायमर ० ला कालगणना आणि सिरियल पोर्टला मोडेम जोडला आहे. टायमर १ हा मोडेमशी बोलण्याचा वेग ठरविण्यात गुंतलेला असल्याने त्याच्या इंटरप्टला परवानगी दिलेली नाही. त्यानुसार आय.ई. मध्ये १००१०१११ म्हणजेच सोळा-मानी ९७ हे मूल्य लिहावे लागते.

६. इंटरप्ट स्वीकारण्याची प्रक्रिया

८०५१ चे एक मशीन सायकल ऑसिलेटरच्या १२ ठोक्यांचे असते. सिरियल संवादाच्या सोयीसाठी ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल वापरला, तर एक मशीन सायकल सुमारे १.०८५ मायक्रोसेकंदाचे होते. प्रत्येक मशीन सायकलमध्ये सर्व फ्लॅग टिपले जातात आणि पुढील सायकलमध्ये त्यांची तपासणी होते. ही विचारणा हार्डवेअर करते; प्रोग्रॅमचा वेळ तीत खर्च होत नाही. परवानगी असलेला फ्लॅग १ आढळला तरी तीन परिस्थितींत त्याला थांबावे लागते : समान वा वरच्या अग्रक्रमाचा सेवा-प्रोग्रॅम चालू असल्यास; चालू सूचना अद्याप पूर्ण झाली नसल्यास; आणि चालू सूचना 'रेटी' ही असल्यास अथवा ती आय.ई. किंवा आय.पी. मध्ये काही लिहिणारी असल्यास.

अडथळा नसेल तेव्हा हार्डवेअर स्वतःहून एक उपप्रोग्रॅम-हाक घालते. पुढील सूचनेचा दोन बाइटांचा पत्ता स्टॅकवर ठेवला जातो आणि नियंत्रण व्हेक्टरकडे जाते. अन्य कोणताही इंटरप्ट चालू नसेल तर घटनेपासून सेवा-प्रोग्रॅमच्या पहिल्या सूचनेपर्यंतचा काळ ३ मशीन सायकलांपेक्षा जास्त व ९ पेक्षा कमी असतो. म्हणजे आपल्या यंत्रात साधारण ३.३ ते ९.८ मायक्रोसेकंद. शंभर मिलिसेकंद टिकणाऱ्या संकेताच्या तुलनेत हा विलंब नगण्य आहे.

येथे दोन गोष्टी अध्यापनात आवर्जून सांगाव्या लागतात. एक, हार्डवेअर फक्त परतीचा पत्ता जपते. ॲक्युम्युलेटर किंवा पी.एस.डब्ल्यू. जपत नाही. सेवा-प्रोग्रॅम ती रजिस्टरे वापरणार असेल तर ती आधी जतन करून शेवटी पूर्ववत करणे हे प्रोग्रॅमकाराचे कर्तव्य होय. यासाठी ८०५१ मधील चार रजिस्टर बँकांपैकी एखादी बँक सेवा-प्रोग्रॅमसाठी राखून ठेवण्याची सोय आहे. दुसरी, सेवा-प्रोग्रॅमचा शेवट 'रेट' ने नव्हे तर 'रेटी' या सूचनेने झाला पाहिजे. दोन्ही सूचना परत नेतात; परंतु 'सेवा संपली' हे इंटरप्ट-यंत्रणेला केवळ 'रेटी' कळविते. 'रेट' वापरल्यास मुख्य प्रोग्रॅम सुरळीत चालू राहतो, मात्र सेवा अजून चालूच आहे अशी यंत्रणेची समजूत कायम राहून त्या अग्रक्रमाचा पुढचा कोणताही इंटरप्ट स्वीकारला जात नाही. पहिला ठोका मोजला जातो आणि नंतर पाऊस थांबल्यासारखे दिसते.

७. बाह्य इंटरप्ट : पातळी, कडा आणि संपर्काची थरथर

बाह्य पिनेवरील संकेत दोन प्रकारे ओळखता येतो. पातळी-पद्धतीत पिन शून्यावर असेपर्यंत मागणी चालू राहते. स्विच १०० मिलिसेकंद मिटलेला असताना सेवा-प्रोग्रॅम काही मायक्रोसेकंदांत संपला तर तो पुनःपुन्हा हजारो वेळा चालेल आणि एका ठोक्याचे हजारो ठोके होतील. म्हणून पर्जन्यमापकासाठी कडा-पद्धत निवडावी लागते. टीकॉन रजिस्टरमधील आय.टी.० हा बिट १ केला की पिन १ वरून ० वर जाताना आय.ई.० हा फ्लॅग उभा राहतो आणि सेवा-प्रोग्रॅमकडे जाताना हार्डवेअर तो आपोआप उतरविते. संकेत ओळखला जाण्यासाठी पिन किमान एक मशीन सायकल १ वर व नंतर किमान एक मशीन सायकल ० वर असणे पुरेसे असते.

तथापि कडा-पद्धतीनेही प्रश्न पूर्णतः सुटत नाही. यांत्रिक स्विच मिटताना व उघडताना त्याची पाती थरथरतात. त्यामुळे काही मिलिसेकंदांत अनेक कडा निर्माण होतात आणि मायक्रोसेकंदांच्या गतीने पाहणारा मायक्रोकंट्रोलर त्या सर्व मोजतो. इंटरप्टने न सुटणारा ठोका मिळवून दिला खरा, पण नसलेले ठोकेही सोबत आणले.

यावर पुष्कळदा योजला जाणारा उपाय म्हणजे सेवा-प्रोग्रॅमातच २० मिलिसेकंद थांबणे. हा उपाय का टाळावा हे पुढील भागात येईल. योग्य मार्ग असा : सेवा-प्रोग्रॅमाने ठोका मोजावा, आय.एन.टी.० ची परवानगी काढून घ्यावी, एका काउंटरमध्ये ४ हा अंक ठेवावा आणि परत जावे. दर ५० मिलिसेकंदांनी येणाऱ्या टायमरने तो अंक एकेकाने कमी करावा व शून्य झाल्यावर परवानगी पूर्ववत करावी. अशा रीतीने १५० ते २०० मिलिसेकंद पिनेकडे दुर्लक्ष होते, आणि तेवढ्यात स्विच मिटून, उघडून, थरथरून स्थिर झालेला असतो. या काळात खरा ठोका सुटण्याची भीती नाही. कारण २०० मिलिसेकंदांत दुसरा ठोका येण्यासाठी पावसाची तीव्रता ताशी ३६०० मि.मी. असावी लागेल, आणि असा पाऊस पृथ्वीवर पडत नाही.

येथे एक बारकावा आहे. परवानगी काढून घेतली तरी फ्लॅग उभा राहणे थांबत नाही. थरथरीच्या काळातील कडेमुळे आय.ई.० पुन्हा १ झालेला असतो आणि परवानगी देताच तो जुना संकेत नवा म्हणून स्वीकारला जातो. म्हणून परवानगी देण्यापूर्वी तो फ्लॅग प्रोग्रॅमने खाली आणणे अनिवार्य ठरते. ही एक सूचना विसरली तर यंत्र प्रत्येक ठोका दोनदा मोजू शकते आणि पाऊस दुप्पट दाखवू शकते.

८. पेरिफेरल इंटरप्ट : टायमर व सिरियल पोर्ट

पेरिफेरल इंटरप्टचा संकेत चिपच्या आतून येत असल्याने तेथे थरथर नसते. अडचणी वेगळ्या प्रकारच्या असतात. टायमर ० हा १६ बिट पद्धतीत प्रत्येक मशीन सायकलला एकाने वाढतो आणि ६५५३५ नंतर शून्यावर येताना टी.एफ.० हा फ्लॅग उभा करतो. ५० मिलिसेकंदांत ४६०८० सायकली होत असल्याने त्यात ६५५३६ उणे ४६०८० म्हणजे १९४५६, सोळा-मानीत ४सी००, हे आरंभमूल्य भरावे लागते. असे २० इंटरप्ट म्हणजे एक सेकंद. टी.एफ.० फ्लॅगही हार्डवेअर स्वतः उतरविते. आरंभमूल्य मात्र प्रत्येक वेळी प्रोग्रॅमने भरावयाचे असते आणि त्यास होणारा विलंब साठत जातो. दैनिक पावसाची बेरीज सकाळी साडेआठ ते साडेआठ या हवामान-दिवसाप्रमाणे करावयाची असल्यास दीर्घकालीन वेळेसाठी स्वतंत्र घड्याळ-चिपचा आधार घेणे इष्ट ठरते.

सिरियल पोर्टचे वर्तन अधिक विचार करायला लावणारे आहे. अक्षर आल्याचा आर.आय. आणि अक्षर गेल्याचा टी.आय. असे दोन फ्लॅग एकाच व्हेक्टरकडे नेतात. कोणत्या कारणाने आपण येथे आलो हे सेवा-प्रोग्रॅमाला स्वतः तपासावे लागते. म्हणूनच हार्डवेअर हे फ्लॅग उतरवीत नाही, ते काम प्रोग्रॅमचे असते. ९६०० बॉड या वेगाने आरंभ व अंत बिट धरून १० बिटांचे एक अक्षर येण्यास सुमारे १.०४ मिलिसेकंद लागतात. आलेले अक्षर एसबफ रजिस्टरमध्ये थांबते. ते उचलून आर.आय. शून्य करण्यापूर्वी पुढचे अक्षर पूर्ण झाले, तर ते नवे अक्षर स्वीकारलेच जात नाही व कायमचे नष्ट होते.

आता सेवा-प्रोग्रॅमात २० मिलिसेकंद थांबण्याच्या उपायाकडे पुन्हा पाहू. सर्व इंटरप्ट एकाच अग्रक्रमाचे असतील तर त्या काळात मोडेमकडून सुमारे १९ अक्षरे येऊ शकतात आणि त्यांपैकी पहिले वगळता बाकीची हरवतात. संदेश पोहोचला की नाही हे सांगणारे उत्तरच त्यात असू शकते. पावसाचा ठोका अचूक मोजताना पावसाची बातमी हरवते, असा हा विरोधाभास आहे.

९. अग्रक्रम : महत्त्व आणि तातडी

८०५१ मध्ये अग्रक्रमाचे दोन स्तर आहेत. वरच्या स्तराचा इंटरप्ट खालच्या स्तराच्या सेवा-प्रोग्रॅमालाही मध्येच थांबवू शकतो; उलटे घडत नाही. एकाच स्तरावरील दोन संकेत एकाच वेळी आढळले तर आय.एन.टी.०, टायमर ०, आय.एन.टी.१, टायमर १ व शेवटी सिरियल पोर्ट या ठरलेल्या क्रमाने निवड होते. हा क्रम केवळ एकाच वेळी आलेल्या संकेतांपुरता असतो. चालू असलेल्या समस्तरीय सेवेला तो थांबवू शकत नाही.

आपल्या यंत्रात वरचा अग्रक्रम कोणाला द्यावा, असा प्रश्न वर्गात विचारला तर बहुतेक विद्यार्थी 'पर्जन्यमापकाला' असे उत्तर देतात. यंत्राचा हेतूच पाऊस मोजणे असल्याने हे उत्तर स्वाभाविक वाटते, पण ते योग्य नाही. पर्जन्यमापकाची कडा एकदा आली की फ्लॅग ती धरून ठेवतो आणि पुढचा ठोका मुसळधार पावसातही ६ सेकंदांनी येणार असतो. म्हणजे या घटनेला थांबण्यासाठी भरपूर अवधी आहे. मोडेमच्या एका अक्षराचे महत्त्व तुलनेने अल्प आहे, परंतु त्याला एक मिलिसेकंदापेक्षा अधिक थांबता येत नाही. म्हणून वरचा अग्रक्रम सिरियल पोर्टला द्यावा. त्यासाठी आय.पी. मध्ये सोळा-मानी १० लिहावे लागते.

यातून पुढील नियम निष्पन्न होतो : अग्रक्रम महत्त्वानुसार नव्हे, तर ज्याची थांबण्याची क्षमता सर्वांत कमी त्याला प्रथम, या न्यायाने द्यावा. मात्र सर्व सेवा-प्रोग्रॅम काही दशक मायक्रोसेकंदांत संपणारे असतील, तर या यंत्रात अग्रक्रमाचा प्रश्न फारसा उद्भवतच नाही. लहान सेवा-प्रोग्रॅम हाच उत्तम अग्रक्रम होय. मोजणे, नोंदविणे व परत जाणे एवढेच तेथे करावे. आकडेमोड, पडद्यावर लेखन व संदेशाची जुळवाजुळव मुख्य प्रोग्रॅमकडे सोपवावी.

१०. सामायिक माहितीचे रक्षण

ठोक्यांची संख्या सेवा-प्रोग्रॅम वाढवितो आणि मुख्य प्रोग्रॅम वाचतो. ती १६ बिटांची असेल तर ८ बिटांचा मायक्रोकंट्रोलर ती दोन टप्प्यांत वाचतो. समजा, संख्या २५५ आहे. मुख्य प्रोग्रॅमने खालचा बाइट २५५ असा वाचला; तेवढ्यात ठोका आला आणि संख्या २५६ झाली, म्हणजे वरचा बाइट १ व खालचा ० झाला; मग मुख्य प्रोग्रॅमने वरचा बाइट १ असा वाचला. हाती आलेली संख्या ५११. वाचनाचा क्रम उलटा असता तर हाती ० आले असते. ५१ मि.मी. पावसाची नोंद एकदा १०२ मि.मी. आणि एकदा शून्य! हा योग हजारो वाचनांत क्वचित येतो, म्हणूनच तो अधिक घातक आहे.

उपाय साधा आहे : संख्या वाचण्यापूर्वी क्षणभर आय.एन.टी.० ची परवानगी काढावी, दोन्ही बाइट वाचावेत आणि परवानगी पूर्ववत करावी. मात्र थरथरीच्या काळासाठी ती आधीच काढलेली असल्यास या वाचनाने ती अकाली परत दिली जाऊ नये. यास्तव ई.ए. हा मुख्य बिट वापरणे अधिक सुरक्षित ठरते. सी भाषेत अशा संख्येस 'व्होलाटाइल' घोषित करणेही आवश्यक असते; अन्यथा कंपायलर जुनीच प्रत वापरीत राहू शकतो.

डी.एस. १८बी२० शी होणारा एक-तारी संवाद हेही असेच नाजूक स्थळ आहे. तेथे एका बिटाचे वाचन १५ मायक्रोसेकंदांच्या आत व्हावे लागते आणि मध्येच इंटरप्ट आल्यास बिट चुकतो. तेवढ्या एका बिटापुरते, म्हणजे सुमारे ७० मायक्रोसेकंद, सर्व इंटरप्ट थांबविणे क्षम्य आहे; कारण फ्लॅग घटना धरून ठेवतात. परंतु संपूर्ण ७५० मिलिसेकंद ते बंद ठेवणे अक्षम्य होय. फ्लॅग हा एकच बिट आहे. 'घडले' एवढेच तो सांगतो, 'किती वेळा घडले' हे सांगत नाही. जोराच्या वाऱ्यात ॲनिमोमीटरचे दहा ठोके त्या काळात आले तरी मोजला जाईल तो एकच.

११. वीजबचत आणि पुढील पिढ्या

बागेतील यंत्र लहानशा सौरपटावर व बॅटरीवर चालते. सतत विचारणा करणारा मायक्रोकंट्रोलर झोपू शकत नाही. इंटरप्टवर विसंबणारा झोपू शकतो. ८०५१ च्या सीमॉस आवृत्त्यांमध्ये पीकॉन रजिस्टरमधील बिटाद्वारे निष्क्रिय अवस्थेत जाता येते व परवानगी असलेला कोणताही इंटरप्ट त्यास जागा करतो. ए.टी. ८९एस५२ सारख्या आवृत्तीत ऑसिलेटरही थांबविणाऱ्या गाढ निद्रेतून बाह्य इंटरप्टने जाग येण्याची सोय आहे. कोरड्या दिवसांत यंत्र बहुतांश वेळ झोपलेले राहू शकते.

नंतरच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये तत्त्व तेच राहून सोयी वाढल्या. अर्ड्युइनो बोर्डांमुळे परिचित झालेल्या एटीमेगा ३२८पी मध्ये रिसेट धरून २६ व्हेक्टर आहेत. त्यांत दोन बाह्य इंटरप्टखेरीज पिनेवरील बदल ओळखणारे तीन इंटरप्टही येतात. तेथे अग्रक्रमाचे वेगळे स्तर नाहीत. सेवा-प्रोग्रॅम सुरू होताच अन्य इंटरप्ट आपोआप थांबतात. २००४ मध्ये जाहीर झालेल्या ए.आर.एम. कॉर्टेक्स-एम३ मध्ये २४० पर्यंत इंटरप्ट व २५६ पर्यंत अग्रक्रम-स्तर हाताळू शकणारा स्वतंत्र नियंत्रक आहे. आठ रजिस्टरे हार्डवेअर स्वतः स्टॅकवर जतन करते आणि प्रतिसादास १२ क्लॉक सायकली लागतात. लागोपाठ दोन इंटरप्ट आले तर रजिस्टरे परत आणून पुन्हा ठेवण्याचा व्यर्थ खटाटोप तो टाळतो. परंतु स्विचची थरथर, सामायिक माहितीचे रक्षण आणि अग्रक्रमाची निवड हे प्रश्न तेथेही प्रोग्रॅमकारालाच सोडवावे लागतात. तयार लायब्ररी वापरणाऱ्या विद्यार्थ्यास हे प्रश्न दिसत नाहीत, म्हणून ते नाहीसे झाले असे होत नाही.

१२. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) अल्पकाळ टिकणाऱ्या व अनिश्चित वेळी येणाऱ्या घटनांसाठी सतत विचारणेपेक्षा इंटरप्ट पद्धती विश्वसनीय ठरते, मात्र ती स्वतःचे नवे प्रश्न सोबत आणते.

२) बाह्य इंटरप्टमध्ये संकेताची शुद्धता आणि पेरिफेरल इंटरप्टमध्ये सेवेची वेळमर्यादा हा कळीचा मुद्दा असतो.

३) अग्रक्रम ठरविताना घटनेचे महत्त्व नव्हे, तर तिची थांबण्याची क्षमता पाहावी, आणि सेवा-प्रोग्रॅम शक्य तितका लहान ठेवावा.

४) फ्लॅग घटना लक्षात ठेवतो, घटनांची संख्या नव्हे, म्हणून इंटरप्ट बंद ठेवण्याचा काळ दोन घटनांमधील किमान अंतरापेक्षा कमी असला पाहिजे.

मुसळधार पावसात पात्र पूर्ण रिते होण्यापूर्वी वाहून जाणारे पाणी, नरसाळ्यात अडकलेला पाचोळा, तिरपा वारा यांमुळे येणाऱ्या त्रुटी इलेक्ट्रॉनिक्सच्या आवाक्याबाहेरच्या आहेत व त्यांसाठी नियमित देखभाल हाच मार्ग आहे. परंतु पात्र एकदा कलंडले की तो ठोका एकदाच आणि निश्चितपणे मोजला जाणे ही प्रोग्रॅमकाराची जबाबदारी होय. अध्यापनात इंटरप्टचा विषय व्हेक्टरांच्या तक्त्यापुरता मर्यादित न ठेवता अशा एखाद्या परिसरातील उपकरणाच्या आधारे, वेळेचे प्रत्यक्ष गणित करून शिकविला, तर ही जबाबदारी विद्यार्थ्यांच्या लक्षात येईल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.